रिळाची उस्तवारी

यंत्रें वापरल्यानें बिघडतात असा एक सार्वत्रिक समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. वापरल्यानें यंत्र झिजतें हें खरें. पण बिघडतें तें बहुधा न वापरल्यानें. भिंतीवरचें घड्याळ, शिवणाचें यंत्र, बाजाची पेटी, पायगाडी, यांपैकीं कोणतीहि वस्तु दहा वर्षें माळ्यावर टाकून द्यावी आणि मग खालीं उतरवून तिला हात लावून पाहावा. झीज म्हणाल तर केसाएवढीहि झालेली नसते. परंतु आंतल्या तेलाची राळ झालेली असते, स्प्रिंगेनें आपला स्वभाव सोडलेला असतो, आणि ज्या चाकांनीं दांतांत दांत घालून जन्मभर सलोख्यानें संसार केला तींच आतां एकमेकांना हलूं देत नाहींत. विश्रांतीचा हा परिणाम पाहिला म्हणजे निवृत्तीचें वय जवळ आलेल्या आमच्यासारख्या प्राध्यापकाच्या मनांत जे विचार येतात, ते येथें न सांगितलेलेच बरे.

या सिद्धांताची प्रचीति पाहण्याचा योग आम्हांस गेल्या मे महिन्याच्या सुट्टींत आला. निमित्त झालें तें आमच्या मामांच्या रिळाचें. रीळ म्हटल्याबरोबर पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढें शिवणाच्या दोऱ्याचें रीळ उभें राहील. तेव्हां आधींच सांगून टाकतों कीं, हें गळाच्या काठीला लावून मासे धरावयाचें रीळ आहे. आमच्या घराण्याचा माशाशीं संबंध मत्स्यावताराच्या पलीकडे कधीं गेला नव्हता. तो पलीकडे नेला मामांनीं. ते व्यापारी बोटीवर इंजिनिअर होते. बोट बंदराला लागली म्हणजे इतर लोक शहर पाहावयास जात आणि मामा धक्क्यावर गळ टाकून बसत. रजेवर घरीं आले म्हणजे पहाटे चारला उठून दाभोळच्या खाडीवर चालूं लागत. तिकडे या उद्योगाला गरवणें असें म्हणतात. मिळालेली तांबोशी किंवा जिताडा घरीं आणण्याची सोय नव्हती. तो परततांना वाटेवरच्या एखाद्या घरीं देऊन मामा रिकाम्या हातानें ओटीवर येऊन बसत. आमच्या आईच्या मतें हें दुहेरी पाप होतें: जीव घ्यावयाचा तो घ्यावयाचा, आणि वर तो खावयाचाहि नाहीं!

त्यांचें हें रीळ मिचेल 300 या नांवाचें. तें काय आहे हें समजण्यासाठीं त्याच्या पूर्वजांकडे थोडें पाहिलें पाहिजे. गळाचीं जुनीं रिळें विहिरीच्या रहाटासारखीं असत. दोरी सुटूं लागली कीं चाक फिरावयाचें. आणि गळ पाण्यांत पडून थांबला तरी चाकाला आलेली गति थांबत नसे, त्यामुळें मागून सुटलेल्या दोरीचें पांखराच्या घरट्यासारखें भेंडोळें होई. स्कॉटलंडांतील पर्थ येथील मॅलक यांनीं 1884 सालीं यावर एक तोड काढली. गळ फेंकण्याच्या वेळीं चाकच काटकोनांत वळवावयाचें, म्हणजे दोरी त्याच्या कडेवरून निसटून जाते. परंतु खरी युक्ति सुचली ती इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड या लोंकरीच्या गांवच्या एका गिरणीवाल्याला. त्याचें नांव आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ. त्यानें 1905 सालीं ज्या रिळाचें पेटंट घेतलें, त्यांत दोरीचें भांडें, म्हणजे स्पूल, जागचें हलतच नाहीं. गिरणींत कांडी न फिरवितां तिच्या टोकावरून सूत जसें ओढून घेतां येतें, तशीच ही दोरी स्थिर स्पुलाच्या कांठावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनीं सुटते. आणि परत गुंडाळतांना दोरी धरणारा एक यांत्रिक हात स्पुलाभोंवतीं प्रदक्षिणा घालतो. देवानें जागच्या जागीं बसावें आणि भक्तानें फेऱ्या घालाव्या, हा न्याय आपल्या देवळांत पूर्वींपासूनच आहे. पण त्याचें पेटंट घ्यावें हें आपल्याला सुचलें नाहीं. पुढें 1932 सालीं इंग्लंडांतील हार्डी यांच्या आल्टेक्स रिळांत दोरी आपोआप पकडणारी तारेची पूर्ण कमान आली. 1938 सालीं नायलॉन जाहीर झालें आणि त्याचा एकेरी, गुळगुळीत धागा लवकरच गळाला लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर हीं रिळें जगभर पसरलीं, त्याचें पुष्कळसें श्रेय या धाग्याकडे जातें.

मिचेल रिळें फ्रान्सांतील क्लूझ या गांवीं, कार्पानो आणि पॉन्स यांच्या कारखान्यांत होत असत. आल्प्सच्या कुशींत आर्व्ह नदीच्या खोऱ्यांत वसलेलें हें गांव घड्याळांचे सुटे भाग करणाऱ्यांचें. तेथें घड्याळजींची शाळा 1848 सालीं निघाली, तेव्हां तो सॅव्हॉय प्रांत फ्रान्सांत नव्हताच. सार्डिनियाच्या राज्यांत होता. फ्रान्सांत तो 1860 सालीं आला. राज्य बदललें, निशाण बदललें, पण दांतेरी चाकें कातण्याचा गांवचा धंदा बदलला नाहीं. आज मिचेल या नांवाची मालकी अमेरिकेंत गेली आहे. परंतु मामांच्या रिळाचें झांकण काढलें कीं त्या खोऱ्याची ओळख ताबडतोब पटते. आंत मासेमारीचें अवजार दिसत नाहीं, घड्याळ दिसतें.

मामा जाऊन सहा वर्षें झालीं. त्यांचा एकुलता एक मुलगा, आमचा मामेभाऊ, कॅनडांत असतो. बाप-लेकांचें का बिनसलें हें सांगण्याची ही जागा नव्हे. आणि तसें पाहिलें तर सांगण्यासारखें मोठें कारणहि नव्हतें. मुलानें परत यावें असें बापाला वाटत होतें, आणि मुलाला तें वाटत नव्हतें, एवढेंच. पण एवढ्यावरून मामांच्या अखेरच्या आठ वर्षांत दोघांचें जें कांहीं बोलणें झालें तें आमच्या मार्फत झालें. मामांच्या मागें घरांतल्या वस्तु वांटल्या गेल्या तेव्हां रीळ कोणालाच नको होतें, म्हणून तें आमच्या माळ्यावर आलें. आणि गेल्या एप्रिलांत एका रात्रीं मामेभावाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर, फोन ठेवतां ठेवतां तो म्हणाला, “दादा, बाबांचें तें रीळ तुझ्याकडेच आहे ना? चालतें का बघ. चालत असेल तर पाठव.”

आम्ही तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवीत आहों. ‘असेल तर’ या दोन शब्दांचें वजन आम्हांस कळतें. रीळ चालत नसेल, तर आपण तें मागितलेंच नव्हतें असें समजण्याची सोय त्यानें या दोन शब्दांत करून ठेवली होती. तेव्हां रीळ चाललेंच पाहिजे असें आम्हीं त्याच रात्रीं ठरविलें.

माळ्यावरून काढलें तेव्हां त्याचें हँडल अर्ध्या फेऱ्यांत अडत होतें. अशा वेळीं जोर करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो आवरणें ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. आम्हीं परात घेतली व तिच्यांत पांढरें फडकें पसरलें. परात अशासाठीं कीं स्क्रू घरंगळला तरी कांठाबाहेर जात नाहीं. आणि फडकें पांढरें अशासाठीं कीं मोहरीएवढी वस्तुहि त्यावर दिसते. आमच्या सौभाग्यवतींनीं या तयारीकडे एकवार पाहिलें, ‘ही परात आतां स्वयंपाकघरांत येणार नाहीं’ एवढेंच सांगितलें, आणि संध्याकाळीं नवी परात आणविली.

उघडण्याच्या आदल्या रात्रीं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर तेलाचा एकेक थेंब टाकून ठेवला. स्क्रूच्या खांचेंत पेचकसाचें पातें पूर्ण भरलें पाहिजे. तें बारीक असेल तर खांच कुरतडली जाते आणि मग तो स्क्रू ब्रह्मदेवालाहि निघत नाहीं. काढलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमानें डावीकडून उजवीकडे मांडावा, आणि बसवितांना तीच ओळ उर्दूसारखी उजवीकडून वाचीत यावी. हल्लींच्या काळीं दर पायरीला फोनवर एक छायाचित्रहि घेऊन ठेवतां येतें. स्मरणशक्तीवर विसंबणें हें तरुणांना शोभतें.

प्रथम स्पूल. मिचेल 300 मध्यें वरच्या टोकाला मध्यभागीं एक कळ असते. ती दाबली कीं स्पूल सबंध उचलून हातांत येतें. मग हँडल, आणि मग बाजूचें झांकण. झांकण निघालें आणि तपकिरी राळेचा एक थर दिसूं लागला. कधीं काळीं तें ग्रीस होतें. त्या राळेंत चाकें अशीं रुतलीं होतीं कीं जणूं फणसाच्या चिकांत मुंग्या! एकेक चाक सोडवून रॉकेलांत घातलें, रात्रभर भिजूं दिलें, आणि सकाळीं दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें दांता-दांतांतून साफ केलें. ब्रश दांतांचाच असल्यामुळें त्यालाहि काम अनोळखी वाटलें नसावें. राळ गेल्यावर खालून जें निघालें तें पाहून मन प्रसन्न झालें. चाकांचे दांत तिरपे आणि किंचित् वक्र कातलेले, आणि एकाचीहि धार बोथट झालेली नाहीं. रिळाच्या पोटांत एका चाकाभोंवतीं दुसरें चिमुकलें चाक ग्रहासारखें फिरतें, आणि त्याच्या योगानें स्पूल फार सावकाश पुढें-मागें होतें, म्हणजे दोरीचे वेढे एकमेकांवर न चढतां शेजारीं शेजारीं नेटके बसतात. कारखान्यानें या रचनेला प्लॅनामॅटिक असें नांव दिलें होतें. मासा पकडण्याच्या कामांत या टापटिपीची गरज किती, असें कोणी विचारील. गुंडाळलेली दोरी नेटकी असेल तरच ती फेंकतांना सुरळीत सुटते, असें त्यावर उत्तर आहे. आणि व्याख्यानाच्या बाबतींतहि आमचा अनुभव याहून निराळा नाहीं.

सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा व वरून काळ्या रंगाचा. जेथें रंग उडाला होता तेथें खाडीच्या खाऱ्या पाण्यानें पांढरी भुकटी धरली होती. ती हलक्या हातानें घासून काढली. मात्र एका जागेचा रंग मिठानें उडालेला नव्हता. रीळ काठीला जोडणारा जो देंठ असतो, त्याच्या दोन्ही बाजूंस धातु आरशासारखी उघडी पडली होती. काठी धरली म्हणजे हा देंठ उजव्या हाताच्या बोटांमध्यें येतो. तेथें मामांच्या बोटांनीं रंग झिजविला होता. आमच्या शेजाऱ्यांनीं काळा रंग व कुंचला देऊं केला. रिळाची दुरुस्ती करावयाची होती, मामांची नव्हे. म्हणून आम्हीं नको म्हणून सांगितलें.

मोडलेला असा भाग एकच निघाला. दोरी पकडणाऱ्या कमानीची स्प्रिंग दुभंगली होती. हजारों वेळां दुमडणारी तार केव्हां तरी थकावयाचीच. हा भाग आतां आणावा कोठून, या विवंचनेंत रिळाच्या पेटीचें अस्तर चांचपतांना होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक बाटली हातीं लागली. तिच्यांत तेलकट कागदाच्या घडींत नवी स्प्रिंग होती. ती बसवितांना दारें-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, कारण ताणलेलें टोक खांचेंतून सुटलें तर स्प्रिंग खोलीच्या कोणत्या दिशेला जाईल हें पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकालाहि सांगतां येणार नाहीं. मग चाकांना ग्रीस लावलें, तेंहि बेतानें. ग्रीस थापलें म्हणजे यंत्र सुखी होतें हा लाडक्या लेंकरांच्या आयांसारखा गैरसमज आहे. त्यानें फिरणें जड होतें. हँडलच्या मुठीला, आंसाला आणि कमानीवरच्या चिमुकल्या रुळाला तेलाचा थेंब. असें सारें झाल्यावर शेवटीं स्पुलाकडे वळलों. आणि येथें आम्हांस थांबावें लागलें.

स्पुलाच्या माथ्यावर एक कानाची चकती असते. तिच्या खालीं वॉशरांची एक चळत असते. कांहीं वॉशर स्पुलाबरोबर फिरणारे, कांहीं आंसाला खिळलेले, आणि त्यांच्यामध्यें घसरणारे. चकती आवळली कीं चळत दाबली जाते आणि स्पूल घट्ट बसतें. सैल केली कीं स्पूल सहज फिरतें. या रचनेला ड्रॅग म्हणतात. मासा मोठा असला, त्यानें दोरीच्या ताकदीहून अधिक जोरानें ओढलें, तर दोरी तुटण्याऐवजीं स्पूल घसरावें आणि दोरी त्याला मिळावी, हा यांतला हेतु. दोरी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याच्या ओढीला ड्रॅग सुटला पाहिजे, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे ज्या यंत्राचा जन्म धरून ठेवण्यासाठीं, त्याचें सारें शहाणपण सोडून देण्यांत आहे.

मामा यासंबंधीं एक गोष्ट नेहमीं बजावीत. “अरे, मासा ओढतो आहे तेव्हां हँडलला हात लावूं नये. दोरी येत तर नाहींच, वर पीळ बसतो.” लहानपणीं याचा अर्थ आम्हांस कळला नव्हता, यंत्र उघडल्यावर कळला. या रिळांत दोरी भोंवतीं फिरून गुंडाळली जाते. म्हणून दर वेढ्याला तिला एक पीळ बसतो, आणि फेंकतांना तो उलगडतो. हिशेब बरोबर राहतो. पण स्पूल घसरत असतांना कोणी हट्टानें हँडल फिरवीत राहिला, तर दोरी वीतभरहि येत नाहीं आणि प्रत्येक फेऱ्याचा पीळ मात्र तिच्यांत भरत जातो. मग ती दोरी पुढें चांगल्या दिवशींहि नीट सुटत नाहीं. खाडीवर हा नियम मामांकडून एकदांहि मोडला गेला नाहीं. घरांत मात्र, मुलगा जेव्हां जेव्हां दूर ओढत होता, तेव्हां तेव्हां ते फेरे घालीत राहिले. आणि तिकडून तोहि तेंच करीत होता. मधल्या दोरीला बसलेला पीळ आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे, कारण ती आमच्या हातांतून जात होती.

रीळ बराच काळ ठेवून द्यावयाचें असेल तर ड्रॅग पुरता सैल करून ठेवावा लागतो. आवळलेला राहिला तर वॉशर दबून एकमेकांना चिकटतात, आणि पुढें माशानें ओढ दिली म्हणजे ड्रॅग सुरळीत न सुटतां धक्क्याधक्क्यानें सुटतो आणि दोरी तुटते. आम्हीं चकतीला बोट लावलें आणि ती आपोआप फिरली. ड्रॅग सैल होता. वॉशर एकमेकांपासून सहज सुटे झाले. नवे असावे तसे. साऱ्या रिळांत न बिघडलेली तेवढी एकच जागा होती.

मामा शेवटचे खाडीवर गेले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यांत त्यांना उपचारासाठीं मुंबईस हलविलें. त्याच्या आधीं डॉक्टरांनीं त्यांना काय तें स्पष्ट सांगितलें होतें. पोट उघडून ग्रीस बदलण्याइतकें बळ त्या वेळीं त्यांच्या हातांत नव्हतें. तरी स्पुलावरची दोरी उतरविलेली होती, बाटलींत स्प्रिंग होती, आणि ड्रॅग सैल होता. धूर दिसला म्हणजे अग्नीचें अनुमान करावें, असें आम्ही वर्गांत दर वर्षीं शिकवतों. जें यंत्र पुन्हां कोणी वापरावयाचें नाहीं, त्याचा ड्रॅग कोण सैल करून ठेवील? मामांना तें पुन्हां वापरावयास मिळणार नव्हतें हें त्यांना ठाऊक होतें. तर मग कोणासाठीं?

यावर पूर्वपक्ष असा कीं, ही नुसती इंजिनिअरच्या हाताची संवय होती. जन्मभर तें करीत आले तेंच शेवटच्या दिवशींहि हातून झालें. पूर्वपक्ष बळकट आहे, आणि त्याचें खंडन करण्यास आमच्याजवळ पुरावा नाहीं. पण संवय म्हणजे तरी काय? पुढें कोणी तरी या वस्तूला हात लावणार आहे, हा विश्वास माणसाच्या बोटांत इतका मुरतो कीं त्याला तो विश्वास आहे याचीहि आठवण राहत नाहीं. त्यालाच आपण संवय म्हणतों. तोंडानें ‘त्याचा विषय काढूं नको’ म्हणणाऱ्या माणसाची बोटें निराळें कांहीं बोलत असतील, तर आम्ही बोटांची साक्ष अधिक ग्राह्य मानूं.

जून उजाडण्यापूर्वीं रीळ पुरें झालें. हँडलच्या एका फेऱ्याला कमान साडेतीनांहून थोड्या अधिक प्रदक्षिणा घालते, हें गच्चींत बसून मोजून पाहिलें. उलट फिरूं न देणारी कळ लावली कीं बारीक टकटक होते, तीहि ऐकिली. मामेभावास काय लिहावें याचा विचार मात्र दुरुस्तीहून अधिक दिवस चालला. प्रथम चार पृष्ठांचें पत्र लिहिलें. त्यांत बोटांची साक्ष होती, अनुमान होतें, आणि पिळाचा दृष्टांतहि होता. मग मामांचीच आणखी एक शिकवण आठवली. पीळ भरलेल्या दोरीला एकच औषध आहे. गळ, शिसें, सर्व कांहीं टोकावरून सोडून घ्यावयाचें, आणि नुसती मोकळी दोरी वाहत्या पाण्यांत सोडून स्वस्थ बसावयाचें. पाणी तिला आपल्या चालीनें उलगडीत जातें. टोकाला गळ राहिला तर तें होत नाहीं. आमच्या चार पृष्ठांना तर गळच गळ लागलेले होते. तें पत्र बाजूस ठेवलें आणि पेटींत ही चिठ्ठी घातली:

“रीळ चालतें. कमानीची स्प्रिंग नवी आहे. ती पेटींतच ठेवलेली सांपडली, मोडकी बाटलींत घातली आहे. देंठाला रंग दिलेला नाहीं. ड्रॅग सैल आहे. उघडलें तेव्हांच तसा होता. दोरी भरशील तेव्हां तुझ्या हातानें आवळून घे.”